काउंट्स वाढले आणि ताप परतला : बुरशीला मारते कोण, औषध की आपल्या पेशी?

उंबरठा · सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला तीव्र ल्युकेमिया झाला आहे. पहिल्या केमोथेरपीनंतर त्याचे न्यूट्रोफिल (जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ शून्यावर गेले होते आणि प्रतिजैविके चालू असतानाही ताप उतरत नव्हता, म्हणून बुरशीविरोधी औषधही सुरू झाले. त्या दिवसांत केलेल्या पोटाच्या स्कॅनमध्ये काहीही सापडले नाही. तिसऱ्या आठवड्यात काउंट्स, म्हणजे या पेशींची रक्तातली संख्या, वर येऊ लागले, घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ताप परतला, उजव्या बरगडीखाली दुखू लागले आणि नव्या स्कॅनमध्ये यकृतात व प्लीहेत बारीक ठिपके दिसले. कॅन्डिडा या यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, संसर्ग असल्याचे निदान झाले आहे.

डॉक्टरांचे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते म्हणाले, "बुरशी आधीपासून तिथे होती. ठिपके आत्ता दिसतात, कारण ठिपके करणाऱ्या पेशी आत्ता आल्या." औषध चालू असूनही ताप हटला नाही, तर काही दिवस स्टेरॉइड द्यावे लागेल, असेही त्यांनी सांगितले. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते एवढे मला ठाऊक आहे. मग संसर्ग असताना ते द्यायचे कशासाठी?

उपचार बदलावेत असे मला मुळीच वाटत नाही, त्यांच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. मला फक्त समजून घ्यायचे आहे. बुरशीविरोधी औषध शरीरात गेल्यावर बुरशीला प्रत्यक्ष मारते कोण? औषध आणि पांढऱ्या पेशी एकमेकांना मदत करतात, एकमेकांच्या आड येतात, की आपापले काम वेगवेगळे करतात?

तर्कनिष्ठ · सोमवार, रात्री ११.०५

आपल्या भावाला लवकर आराम पडो. प्रश्नाबद्दल माझे मत असे आहे की मारण्याचे काम औषधच करते. औषधाचे लक्ष्य बुरशीच्या पेशीत असते आणि ते लक्ष्य आपल्या पेशींत नसते, म्हणूनच तर ते औषध म्हणून वापरता येते. प्रयोगशाळेत नळीत बुरशी वाढवून औषध घातले की तिथे एकही पांढरी पेशी नसताना वाढ थांबते. त्यामुळे पेशींचा वाटा असला तरी तो दुय्यम असावा.

सूक्ष्मदर्शी · मंगळवार, सकाळी ७.४०

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे या चाचण्या करत आले आहे, म्हणून तर्कनिष्ठ यांच्या नळीपासूनच सुरुवात करते.

त्या चाचणीत औषधाच्या चढत्या मात्रा असलेल्या खाचांमध्ये यीस्ट टाकतात, साधारण एक दिवस उबवतात आणि कोणत्या सर्वांत कमी मात्रेला वाढ रोखली गेली ते पाहतात. फ्लुकोनाझोल या ॲझोल गटातल्या औषधाच्या बाबतीत मात्र वाढ पूर्ण थांबण्याची अटच नसते. औषध नसलेल्या खाचेच्या तुलनेत ती निम्म्यावर आली की तीच मात्रा अहवालात लिहिली जाते. याचे कारण औषधाच्या स्वभावात आहे. ॲझोल गटातली औषधे बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल हा मेदासारखा घटक तयार करणारे एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. पटल सदोष होते, यीस्टची वाढ खुंटते, पण कॅन्डिडाच्या बहुतेक पेशी त्याने मरत नाहीत. त्या खाचेतले यीस्ट औषध नसलेल्या ताज्या माध्यमावर पसरले, तर ते पुन्हा वाढू लागते. रुग्णाच्या शरीरात तसे होत नाही, याचा अर्थ थांबलेले यीस्ट तिथे दुसरे कोणीतरी उचलून नेते. ते काम न्यूट्रोफिल आणि महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज) करतात.

सगळीच औषधे अशी नाहीत, हेही सांगायला हवे. कॅस्पोफंजिन, मिकाफंजिन, ॲनिड्युलाफंजिन ही एकिनोकॅन्डिन गटातली औषधे कॅन्डिडाच्या पेशीभित्तिकेतील बीटा ग्लुकान तयार होऊ देत नाहीत आणि त्यामुळे यीस्ट फुटून मरते. अँफोटेरिसिन बी थेट अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि तेही मारक आहे. म्हणूनच न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णात रक्तात कॅन्डिडा सापडले, तर सुरुवात सहसा या दोन गटांपैकी एकाने केली जाते, कारण थांबलेले यीस्ट उचलायला तिथे कोणी हजर नसते.

आमच्या क्षेत्रात "नव्वद-साठचा नियम" म्हणून एक ठोकताळा आहे. जंतू औषधाला संवेदनशील असेल तर सुमारे ९० टक्के रुग्णांना गुण येतो आणि प्रतिरोधक असेल तरी सुमारे ६० टक्के रुग्णांना गुण येतो. अहवालात "प्रतिरोधक" असे मी लिहूनही जे बरे झाले, त्यांच्या बाबतीत बरेचसे काम माझ्या खाचांमध्ये कधीच नसलेल्या पेशींनी केलेले असते. तेव्हा तर्कनिष्ठ, पेशींचा वाटा दुय्यम आहे असे मी म्हणणार नाही.

तर्कनिष्ठ · मंगळवार, सकाळी ९.१०

अहवालातली मात्रा निम्म्या वाढीवर ठरते, हे मला माहीत नव्हते. मी वाढ थांबणे आणि मरणे एकच समजत होतो. आपला मुद्दा मान्य आहे, पण एक शंका राहते. संवेदनशील जंतू असूनही दहा टक्के रुग्णांना गुण येत नाही, तो दोषही पेशींचाच मानायचा का?

सूक्ष्मदर्शी · मंगळवार, सकाळी ९.५५

नेहमीच नाही. कधी औषध जागेवर पुरेसे पोहोचत नाही, कधी शिरेतल्या नळीवर यीस्टचा थर बसलेला असतो आणि ती नळी काढेपर्यंत कोणतेच औषध पुरे पडत नाही. शिवाय काही वेळा पेशी स्वतःच यीस्टला आसरा देतात. कॅन्डिडा ग्लाब्राटा हे यीस्ट महाभक्षी पेशीने गिळल्यावरही आत जिवंत राहते आणि तिथेच विभाजित होते, शिवाय आत दडलेल्या यीस्टला औषधही सहज नष्ट करू शकत नाही. कॅन्डिडा अल्बिकान्सची रीत निराळी आहे. गिळले गेल्यावर ते लांब तंतू काढते आणि महाभक्षी पेशीला आतून भोसकून बाहेर येते. याच तंतूंमधून स्रवणारे कॅन्डिडालायसिन हे विष २०१६ मध्ये ओळखले गेले.

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी २.३०

मी परिचारिका आहे आणि अँफोटेरिसिनची सलाइने मी असंख्य वेळा लावली आहेत. उंबरठा यांनी विचारले आहे की औषध आणि पेशी एकमेकांच्या आड येतात का. त्याचे एक उत्तर मी रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून पाहिले आहे.

जुन्या स्वरूपातले अँफोटेरिसिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात रुग्णाला हुडहुडी भरायची. दात वाजायचे, खाट हलायची, पांघरुणे पुरायची नाहीत, आणि मग ताप चढायचा. त्यासाठी आधीच पॅरासिटामॉल, ॲलर्जीविरोधी औषध आणि कधी हायड्रोकॉर्टिसोन देत असू. नातेवाईक घाबरून विचारायचे की संसर्ग वाढला का. कित्येक वर्षे मी "हे औषधाचे दुष्परिणाम आहेत" एवढेच सांगत होते. पुढे एका प्रशिक्षणात कळले की हे औषध आपल्या भक्षक पेशींवरील टीएलआर-२ नावाच्या ग्राहीला चेतवते. हे ग्राही एरवी जंतूंचे अंश ओळखण्यासाठी असते. म्हणजे पेशींना जंतूंचा हल्ला झाल्यासारखे वाटते आणि त्या ताप आणणारे संदेश सोडतात. मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळलेले नवे स्वरूप, ज्याला लायपोसोमल म्हणतात, ते आल्यावर ही हुडहुडी खूपच कमी झाली आणि मूत्रपिंडांचे हालही कमी झाले.

उंबरठा, आपल्या भावाला हे औषध चालू असेल आणि सलाइन लागल्यावर थंडी वाजली, तर लगेच परिचारिकेला सांगा, पण घाबरून जाऊ नका.

वाचनमात्र · मंगळवार, दुपारी ४.००

एरवी फक्त वाचते. हा धागा जपून ठेवला आहे, कृपया थांबू नका.

पुन्हापुन्हा · मंगळवार, रात्री ९.२०

माझा त्रास उंबरठा यांच्या भावाच्या आजारापुढे अगदी लहान आहे, तरी प्रश्न याच विषयातला असल्यामुळे लिहिते. मला गेली दोन वर्षे योनिमार्गातला यीस्टचा संसर्ग वारंवार होतो. फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी घेतली की बरे वाटते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मधुमेह, एचआयव्ही यांच्या तपासण्या झाल्या, सर्व ठीक आहेत. आता आठवड्याला एक गोळी असे सहा महिने घ्यायला सांगितले आहे. मला सगळेजण म्हणतात की तुझी प्रतिकारशक्ती कमी आहे. वर म्हटल्याप्रमाणे हे औषध यीस्टला फक्त थोपवत असेल आणि उचलून नेणाऱ्या पेशी माझ्यात कमजोर असतील, तर गोळ्या कितीही घेतल्या तरी उपयोग काय?

निवासी · बुधवार, पहाटे ५.४५

मी डॉक्टर आहे आणि सध्या रक्तविकार विभागात काम करतो. पुन्हापुन्हा यांचा प्रश्न मुळीच लहान नाही. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो आणि काही टक्के स्त्रियांना तो वारंवार छळतो. त्यांच्यापैकी बहुतेक जणी अन्यथा पूर्ण निरोगी असतात.

"प्रतिकारशक्ती कमी" हे वाक्य इथे बहुधा चुकीचे आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवक स्त्रियांच्या योनिमार्गात त्यांच्या संमतीने जिवंत कॅन्डिडा सोडले होते. ज्यांना लक्षणे आली, त्यांच्या स्रावात न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने सापडले. ज्यांना काहीच झाले नाही, त्यांच्यात ते आले नव्हते. म्हणजे खाज, जळजळ, सूज हा न्यूट्रोफिल येण्याचा परिणाम होता, आणि इतके येऊनही त्या जागी ते यीस्टला धड मारू शकत नव्हते. तिथे पेशी कमी पडत नाहीत, त्या नको तेवढ्या येतात. अशा वेळी यीस्टची संख्या दीर्घकाळ कमी ठेवणारे औषध पेशींना बोलावणारे कारणच कमी करते. आठवड्याच्या गोळीमागचा हेतू मी असाच समजतो. गोळ्या मध्येच सोडू नका. आणि गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्या काळात फ्लुकोनाझोलची गोळी टाळून लावण्याचे औषध वापरतात.

यातून एक मोठा मुद्दा निघतो. कॅन्डिडाविरुद्धची प्रतिकारशक्ती एकसंध नाही. तोंड आणि त्वचा यांचे रक्षण मुख्यतः इंटरल्यूकिन-१७ हा संदेश पाठवणाऱ्या टी पेशींवर (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) अवलंबून असते, तर रक्त आणि आतले अवयव न्यूट्रोफिलच्या ताब्यात असतात. एचआयव्हीमध्ये टी पेशी घटल्या की तोंडात पांढरा थर येतो, पण न्यूट्रोफिल शाबूत असल्यामुळे रक्तात कॅन्डिडा सहसा शिरत नाही. केमोथेरपीच्या रुग्णात न्यूट्रोफिल गेल्यामुळे ते आतड्यातून रक्तात उतरते. सोरायसिससाठी इंटरल्यूकिन-१७ अडवणारी औषधे घेणाऱ्यांना तोंडात किंवा त्वचेवर यीस्टचा त्रास होतो, रक्तात नाही. म्हणून "औषध आणि पेशी" असा प्रश्न आला की मी आधी विचारतो, कोणत्या जागी आणि कोणत्या पेशी.

उंबरठा यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी आज रात्री सवडीने लिहितो. ते घाईत लिहिण्यासारखे नाही.

हिरवळ · बुधवार, सकाळी १०.३०

सर्व माहिती उत्तम आहे, पण इतका पेशींचाच प्रश्न असेल तर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या नैसर्गिक पूरक गोळ्या सर्वांनीच का घेऊ नयेत? औषधाला जोड मिळेल आणि नुकसान तर काहीच नाही. उंबरठा यांनीही भावासाठी विचार करावा.

सूक्ष्मदर्शी · बुधवार, सकाळी ११.१५

हिरवळ, आपली कळकळ समजते, परंतु हा सल्ला मागे घ्यावा अशी मी मनापासून विनंती करते. वरच्या दोन्ही उदाहरणांकडे पुन्हा पाहा. एकीत न्यूट्रोफिल आल्यामुळे त्रास होतो आणि दुसऱ्याचा ताप पेशी परतल्यानंतर सुरू झाला. दोघांनाही "वाढवा" हा सल्ला गैरलागू आहे. ज्याची केमोथेरपी चालू आहे त्याने डॉक्टरांना न विचारता कोणतीही पूरक गोळी घेऊ नये, कारण ती यकृतात औषधांच्या पातळ्या बदलू शकते. "नुकसान काहीच नाही" हे गृहीतच धोक्याचे आहे.

मात्रा · बुधवार, दुपारी १.०५

मी औषधनिर्माता आहे. यकृताचा उल्लेख झालाच आहे, तर आणखी एक बाजू मांडतो. बुरशीविरोधी औषधे पेशींना अप्रत्यक्षपणे दुबळ्याही करू शकतात आणि हे रोजच्या कामात मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते.

ॲझोल औषधे बुरशीतले जे विकर बंद पाडतात, त्याच कुळातले सीवायपी-३ए४ हे विकर आपल्या यकृतात असते. ते अनेक औषधे मोडण्याचे काम करते. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला टॅक्रोलिमस चालू असते, ते टी पेशींना दाबते आणि याच विकराने मोडले जाते. त्यात व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोल सुरू केले की टॅक्रोलिमस साचते. म्हणून सुरू करतानाच टॅक्रोलिमसची मात्रा एक तृतीयांशावर आणायला सांगतात आणि रक्तातली पातळी वारंवार मोजतात. ते न केल्यास मूत्रपिंडांना इजा होते आणि बुरशी मारायला दिलेल्या औषधामुळेच प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते. उलट, ॲझोल बंद करताना मात्रा पूर्ववत वाढवण्याचे राहून गेले, तर टी पेशी मोकळ्या होऊन नव्या अवयवावर उठतात. मी पाहिलेल्या एका प्रसंगात सुरू करताना सगळ्यांनी काटेकोर काळजी घेतली होती आणि बंद करताना ते कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते. सुदैवाने पातळीची तपासणी वेळेवर झाली आणि निभावले.

स्टेरॉइडपैकी मिथाइलप्रेड्निसोलोन आणि डेक्सामेथासोन हेही याच वाटेने मोडले जातात, दम्याच्या काही फवाऱ्यांतली स्टेरॉइडेसुद्धा. ल्युकेमियात वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टीन इट्राकोनाझोल किंवा पोसाकोनाझोलबरोबर दिल्यास नसांना गंभीर इजा होऊ शकते. एकिनोकॅन्डिन गटाला या विकराचा अडथळा जवळपास नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. उंबरठा, भावाच्या सर्व औषधांची एकच यादी करून ती प्रत्येक भेटीत दाखवा. एवढे एक काम नातेवाइकांनी केले तरी आमच्यासारख्यांना फार मोठी मदत होते.

अनुस्वार · बुधवार, सायंकाळी ६.२०

मी भाषेचा अभ्यासक आहे आणि वैद्यकाचे मला ज्ञान नाही, पण या चर्चेत शब्दांचा एक प्रश्न खरोखर अर्थाचा प्रश्न आहे असे वाटते. आपण मराठीत सरसकट "बुरशीनाशक" म्हणतो. वरील चर्चेनुसार फ्लुकोनाझोल कॅन्डिडाचा नाश करतच नाही. ते "बुरशीरोधक" आहे, आणि एकिनोकॅन्डिन "बुरशीनाशक". हे दोन शब्द वेगळे वापरले असते, तर तर्कनिष्ठ यांचा गैरसमज पहिल्याच प्रतिसादात टळला असता. यीस्टला पाठ्यपुस्तकांत "किण्व" हा सुरेख शब्द आहे, तो मात्र बोलण्यात रुळला नाही.

"भक्षक पेशी" या शब्दाचा माग काढताना मला एक गोष्ट सापडली, तीही इथल्या विषयाचीच आहे. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८४ मध्ये डाफ्निया या पारदर्शक पाणपिसवेचा एक आजार वर्णन केला. तो आजार यीस्टमुळे होत होता. यीस्टचे सुईसारखे बीजाणू पिसवेच्या आतड्याची भिंत भेदून शरीरात घुसत, आणि तिच्या रक्तातल्या पेशी त्यांना घेरून नष्ट करत असल्याचे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून जिवंतपणी पाहिले. पेशी पुरेशा पडल्या तर पिसू वाचे, बीजाणूंना अंकुर फुटले तर ती मरे. भक्षक पेशींच्या ज्या सिद्धान्तासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा भक्कम पुरावा अशा रीतीने एका यीस्टच्या संसर्गातून आला. प्रतिजैविकेही नव्हती आणि बुरशीरोधकेही नव्हती, तेव्हा हे युद्ध फक्त पेशीच लढत होत्या.

तर्कनिष्ठ · बुधवार, सायंकाळी ६.५०

"बुरशीरोधक" आणि "बुरशीनाशक" हा भेद मी यापुढे पाळीन. आभार.

खडूफळा · बुधवार, रात्री ८.१५

मी शिक्षिका आहे. एक साधा प्रश्न : रक्त चढवतात तसे न्यूट्रोफिल दुसऱ्याकडून घेऊन चढवता येत नाहीत का? मग औषधाला लगेच सोबत मिळेल.

रात्रपाळी · बुधवार, रात्री ८.५०

खडूफळा, चढवतात, पण क्वचित. न्यूट्रोफिल साठवून टिकत नाहीत, त्यांचे आयुष्यच फार थोडे असते, आणि दात्याला आधी औषध देऊन त्याच्या पेशी वाढवाव्या लागतात. नीट आखलेल्या चाचणीतही त्यांचा स्पष्ट फायदा दाखवता आलेला नाही. शिवाय इथेही अँफोटेरिसिन आडवे येते. हे औषध आणि चढवलेल्या पांढऱ्या पेशी एकत्र मिळालेल्या रुग्णांमध्ये फुप्फुसांची गंभीर, काही वेळा प्राणघातक प्रतिक्रिया दिसल्याचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तो संबंध नंतरच्या काही अभ्यासांत आढळला नाही, तरी आम्ही आजही दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवतो.

भित्तिचित्र · बुधवार, रात्री १०.४०

मी बुरशीच्या पेशीभित्तिकेवर संशोधन करणारी विद्यार्थिनी आहे. आतापर्यंत औषध थोपवते आणि पेशी उचलतात, इतके स्पष्ट झाले. माझ्या दृष्टीने याहून विलक्षण भाग असा आहे की औषध यीस्टचा चेहराच बदलते.

कॅन्डिडाच्या भित्तिकेत सर्वांत बाहेर मॅनान या शर्करेची दाट झालर असते, तिच्याखाली बीटा ग्लुकान आणि सर्वांत आत कायटिन. आपल्या भक्षक पेशींवर डेक्टिन-१ नावाचे ग्राही असते, ते बीटा ग्लुकान ओळखते. हे २००१ मध्ये कळले. पण बाहेरच्या मॅनानमुळे ग्लुकान बहुतांशी झाकलेले राहते, म्हणजे यीस्ट बुरखा घेऊन वावरते. कॅस्पोफंजिनची मात्रा मारण्याइतकी नसली तरी भित्तिकेची घडण बिघडते, बुरख्याला भोके पडतात आणि आतले ग्लुकान उघडे होते. अशा यीस्टसमोर ठेवलेल्या महाभक्षी पेशी अधिक जोराने संदेश सोडतात, हे २००६ पासून प्रयोगांत दाखवले गेले आहे. मी स्वतः पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली औषध दिलेल्या यीस्टवर ग्लुकानचे चमकणारे ठिपके पाहिले, तेव्हा बराच वेळ खुर्चीतून उठले नव्हते. ते यीस्ट अजून जिवंत होते, पण आता त्याला ओळखता येत होते.

डेक्टिन-१ चे जनुक सदोष असलेले एक कुटुंब २००९ मध्ये वर्णिले गेले. त्यातल्या स्त्रियांना योनिमार्गातला यीस्ट संसर्ग वारंवार होत असे आणि नखांनाही बुरशी होती, पण रक्तातला संसर्ग नव्हता. निवासी यांनी जागेनुसार पेशी बदलतात असे लिहिले, त्याला हे धरूनच आहे.

यीस्टही स्वस्थ बसत नाही. ग्लुकान कमी पडू लागले की ते जास्तीचे कायटिन तयार करून भित्तिका सावरते. त्यामुळे काही वाण जास्त मात्रेत मरण्याऐवजी पुन्हा थोडे वाढताना दिसतात. तंतू तर इतके लांब होतात की एका पेशीला ते गिळताच येत नाहीत. तेव्हा न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचे चिकट जाळे बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यातली प्रथिने जस्त व मँगनीज शोषून यीस्टची उपासमार करतात. असे जाळे असते हेच मुळी २००४ मध्ये प्रथम लक्षात आले.

पोसाकोनाझोलबद्दलही एक ओळ लिहिते. ते मेदात विरघळणारे असल्यामुळे आपल्या पेशींच्या पटलांत साठते आणि पेशीने गिळलेल्या बुरशीला तिथेच मिळते. म्हणजे पेशी औषध वाहूनही नेतात.

निवासी · बुधवार, रात्री ११.५५

भित्तिचित्र यांनी माझे काम सोपे केले. उंबरठा, आता आपल्या भावाविषयी.

न्यूट्रोफिल शून्यावर असताना यीस्ट आतड्याच्या इजा झालेल्या अस्तरातून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरले आणि यकृतात, प्लीहेत स्थिरावले. तिथे त्याला घेरायला कोणी नव्हते, त्यामुळे सूजही नव्हती, गाठही नव्हती आणि स्कॅनमध्ये दिसण्यासारखे काही नव्हते. औषधाने त्याला आवरून धरले. मग काउंट्स वर आले, पेशींना उघड्या पडलेल्या यीस्टचा आणि त्याच्या अवशेषांचा सुगावा लागला आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी गराडा घातला. स्कॅनमधला ठिपका म्हणजे तो गराडा होय. अशा ठिपक्यातून सुईने घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा यीस्ट वाढतच नाही, कारण तिथे जिवंत यीस्टपेक्षा पेशी जास्त असतात. आपल्या डॉक्टरांचे वाक्य शब्दशः खरे आहे.

स्टेरॉइडचा विचार यामुळेच होतो. ताप यीस्टच्या वाढीमुळे नसून परतलेल्या पेशींच्या अतिरेकामुळे असेल, तर औषधाची मात्रा कितीही वाढवून तो हटत नाही. अमेरिकेतील इन्फेक्शस डिसीजेस सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, अशा रुग्णाला हैराण करणारा ताप राहिल्यास एक ते दोन आठवडे स्टेरॉइड किंवा सूज कमी करणारी इतर औषधे देण्याचा विचार करता येतो असे म्हटले आहे. पण अट अशी की बुरशीविरोधी औषध एक दिवसही बंद होता कामा नये. आवरून धरणारे तेच आहे; ते सोडून पेशींनाही शांत केले, तर यीस्टला रान मोकळे होईल. ठिपके पूर्ण जाईपर्यंत हे उपचार चालतात आणि त्याला साधारणपणे काही महिने लागतात. या काळात पुढची केमोथेरपीही औषधाच्या संरक्षणाखाली देता येते, हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक कुटुंबांना तीच भीती असते.

उंबरठा · पुढील मंगळवार, रात्री ९.३०

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि निवासी यांचा प्रतिसाद भावालाही वाचून दाखवला. मिकाफंजिन चालू असतानाही ताप राहिला, म्हणून शुक्रवारी स्टेरॉइड सुरू केले. रविवारी सकाळपासून ताप आलेला नाही आणि बरगडीखालचे दुखणेही कमी झाले आहे. मात्रा यांच्या सांगण्याप्रमाणे औषधांची यादी केली. ती पाहून डॉक्टरांनी सांगितले की पुढे घरी जाताना फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांवर आणायचे आहे आणि तेव्हा इतर औषधांच्या मात्रा पुन्हा तपासाव्या लागतील.

एक शंका अजून आहे. थोपवणारे औषध न्यूट्रोफिल असतानाच पुरे पडते, असे सूक्ष्मदर्शी यांनी लिहिले होते. पुढच्या केमोथेरपीत त्याचे न्यूट्रोफिल पुन्हा शून्यावर जातील. तेव्हा फ्लुकोनाझोल पुरेल का?

निवासी · पुढील मंगळवार, रात्री १०.२०

अगदी नेमका प्रश्न विचारलात, आणि हाच प्रश्न त्यांना याच शब्दांत विचारा. काउंट्स खाली जाण्याच्या आठवड्यांपुरते पुन्हा मारक गटातले औषध द्यायचे की गोळीच चालू ठेवायची, हे त्या वेळच्या स्कॅनमध्ये ठिपके किती विरले आहेत आणि यीस्टची जात ओळखता आली आहे का, यावर ठरते. सध्या मिकाफंजिन शिरेतून चालू आहे तोवर घाई नाही. स्टेरॉइड कमी करताना ताप पुन्हा डोकावला, तर तेही लगेच कळवा. ते एकदम थांबवत नाहीत, उतरवत आणतात.

रात्रपाळी · पुढील मंगळवार, रात्री ११.१०

आणि शिरेतल्या नळीभोवतीची जागा रोज पाहा. लाली, दुखणे किंवा सलाइन लावताना थंडी यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रात्रपाळीच्या परिचारिकेला उठवा. आम्ही त्यासाठीच जाग्या असतो.